धूर गिऱ्हाइकाचा, छाती वेटरची

परमिट रूम, लाउंज आणि हॉटेलांत काम करणाऱ्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि एका मालकानेही पाठवलेले हे प्रश्न. विषय एकच: सिगारेट ओढतो गिऱ्हाईक आणि धूर जातो तिथे राबणाऱ्याच्या छातीत, तो थांबवायचा कसा?

प्रश्न : आमच्या परमिट रूमच्या एसी सेक्शनमध्ये गिऱ्हाइकं राजरोस सिगारेट ओढतात. शेट म्हणतात, "स्प्लिट एसी आहे, दोन एक्झॉस्ट आहेत, धूर राहतोच कुठे?" हे खरं का?
— एक कॅप्टन, दादर

धूर तिथेच राहतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतली हवा ओढायची, थंड करायची आणि पुन्हा खोलीतच सोडायची, एवढंच त्याचं काम. आतल्या युनिटची जाळी धूळ आणि केस अडवते. सिगारेटच्या धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, ते त्या जाळीतून आरामात निघून जातात. सर्व्हिसवाल्याने एसी उघडला की आत तपकिरी, चिकट थर दिसतो ना? तो त्याच धुराचा. तोच धूर स्टाफच्या नाकातूनही जातो.

आता एक्झॉस्ट. पंखा जेवढी हवा बाहेर टाकेल तेवढी कुठून तरी आत यायला हवी. एसी सेक्शनचं दार बंद, खिडक्यांना काच, फटींना टेप. अशा खोलीत पंखा नुसता फिरतो, हवा फारशी हलत नाही. दार उघडलं की किचनची नाहीतर संडासाकडची हवा आत येते. शिवाय एक्झॉस्ट भिंतीत उंचावर असतो, म्हणजे टेबलावरचा धूर त्याच्याकडे जाताना मध्ये उभ्या असलेल्या वेटरच्या तोंडावरूनच जातो. गिऱ्हाईक दोन तासांत उठून जातं, वेटरची पाळी दहा तासांची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आजूबाजूच्यांना मिळणाऱ्या धुरातला बराचसा भाग गिऱ्हाइकाच्या तोंडातून येत नाही, तो ॲशट्रेत जळत पडलेल्या टोकातून येतो. त्याला फिल्टर लागलेला नसतो. या धुरात 7,000 च्या वर रसायनं असतात आणि त्यांतली 70 च्या आसपास कॅन्सर करणारी आहेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलने (तिथला सरकारी सर्वोच्च आरोग्य अधिकारी) 2006 च्या अहवालात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही आणि वेगळं टेबल, पंखे, एअर प्युरिफायर यांनी तो धोका संपत नाही.

कायदाही शेटच्या बाजूने नाही. 2003 चा केंद्राचा तंबाखू कायदा (बोलीत त्याला कोटपा म्हणतात) आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेले नियम यांत रेस्टॉरंट, पब, बार, कॅन्टीन, कामाची जागा हे सगळं सार्वजनिक ठिकाण धरलं आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी आहे. एसी सेक्शन म्हणजे काही वेगळं राज्य नव्हे.

धूर थांबला तर फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण द्या. कॅलिफोर्नियात 1998 च्या सुरुवातीला बारमध्ये सिगारेट बंद झाली. बंदीच्या आधी आणि नंतर तिथल्या 53 बारटेंडरांना तपासलं होतं. आधी 39 जणांना खोकला, घरघर, धाप यांपैकी काही ना काही होतं. नंतरच्या तपासणीत त्यांतल्या 23 जणांचा त्रास गेलेला होता. मधे काही वर्षं गेली नव्हती, थोड्याच आठवड्यांतली ही गोष्ट.

प्रश्न : माझं 42 सीटचं रेस्टॉरंट आहे. कोपऱ्यात काचेचं केबिन करून स्मोकिंग रूम द्यायची आहे. काय काय लागेल?
— एक हॉटेलमालक, घाटकोपर

आमचं मत आधीच सांगतो: नका करू. नियमात बसेल अशी खोली महाग पडते आणि स्वस्तात केलेली खोली नियमात बसत नाही. तरीही करायचीच असेल तर नीट करा.

30 किंवा जास्त सीटच्या रेस्टॉरंटला स्मोकिंग रूमची मुभा आहे, म्हणजे तुम्ही पात्र आहात. 28 सीटवाल्याला ती नाही. खोली चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंतींची हवी, दार आपोआप बंद होणारं हवं, आतली हवा थेट बाहेर जायला हवी आणि आतला दाब बाकी हॉटेलपेक्षा कमी हवा. प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडायच्या वाटेवर ही खोली चालत नाही. बाहेर इंग्रजीत आणि एका भारतीय भाषेत पाटी हवी. आत सिगारेट ओढण्याखेरीज दुसरं काहीही नाही. पेग नाही, चकली नाही, बिल नाही.

सगळ्यात जास्त चुका "पूर्ण उंची" या शब्दांवर होतात. सुतार काच फॉल्स सीलिंगपर्यंत नेतो आणि काम संपलं म्हणतो. वर पोकळीच असते. धूर सीलिंगच्या फटीतून वर चढतो, आडवा जातो आणि फॅमिली सेक्शनच्या लाइटांच्या भोकांतून खाली उतरतो. भिंत वरच्या स्लॅबला टेकलीच पाहिजे, वायरी-पाइपांची भोकं बुजवलीच पाहिजेत. डक्टेबल एसी (एकाच मशीनची हवा पत्र्याच्या नळांतून सगळीकडे नेणारा) असेल तर या खोलीतून परतीची हवा घेणारी जाळी कायमची बंद करा, नाहीतर एकाच मशीनने पूर्ण हॉटेलला धूर वाटला जाईल.

पंख्याचा हिशोब असा. समजा खोली 10 फूट बाय 12 फूट आणि उंची 9 फूट, म्हणजे 1,080 घनफूट. आत एका वेळी सहा माणसं. स्मोकिंग लाउंजसाठी जुना अमेरिकन ठोकताळा माणशी मिनिटाला 60 घनफूट हवेचा होता, म्हणजे 360 सीएफएम (मिनिटाला घनफूट). त्याने तासाला 20 वेळा हवा बदलते (360 गुणिले 60, भागिले 1,080). खोक्यावर छापलेला सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. डक्टला दोन-तीन वळणं आली की साधा पाती-पंखा दम टाकतो. डक्ट असेल तर ब्लोअर घ्या आणि बसवणाऱ्याकडून जाळीपाशी प्रत्यक्ष मोजून घ्या.

ही 360 सीएफएम हवा तुमच्या हॉलमधूनच आत येणार, कारण आत येणारी हवा कमी आणि बाहेर जाणारी जास्त असेल तरच आतला दाब कमी राहतो. तीन फुटी दाराखालची इंचभर फट त्याला पुरत नाही, हवा शिट्टी वाजवत येते आणि दार नीट मिटत नाही. भिंतीत खालच्या बाजूला चौरस फुटाच्या आसपास मोकळी जागा देणारी जाळी लागते, तीही उलट हवा न सोडणाऱ्या झडपेची. एसीवाले टनाला 400 सीएफएम धरतात. म्हणजे जवळपास एक टनाच्या एसीची थंड हवा तुम्ही सतत रस्त्यावर फेकणार. विजेच्या बिलाचा हा भाग कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

पंखा लाइटच्याच स्विचवर घ्या. पंखा बंद आणि लोक आत, हे घडायलाच नको. पंख्याचं तोंड शेजारच्या बिऱ्हाडाच्या खिडकीकडे किंवा स्वतःच्याच ताज्या हवेच्या जाळीकडे ठेवू नका. भिंत उभी करण्याआधी वॉर्ड ऑफिसची परवानगी आणि फायर एनओसीत (अग्निशमन दलाच्या ना-हरकत पत्रात) काय बदलतं ते पाहा.

झालं की अगरबत्तीने तपासा. सगळे एसी आणि किचनचा हूड चालू ठेवा, कारण हूड स्वतःच हॉलमधली हवा ओढतो आणि कधी कधी स्मोकिंग रूमवर मात करतो. दार दोन बोटं उघडून फटीशी अगरबत्ती धरा, खाली, मध्ये आणि वर. धूर तिन्ही ठिकाणी आत ओढला गेला पाहिजे. वरच्या बाजूला बाहेर आला तर पंखा कमी पडतोय. ही तपासणी शनिवारी रात्री, गर्दीत करा. सोमवारी दुपारी सगळ्याच खोल्या पास होतात. आणि दाराला रिकाम्या बाटल्यांचा क्रेट लावून ते उघडं ठेवलेलं दिसलं, तर वरचा सगळा खर्च पाण्यात गेला असं समजा.

प्रश्न : आमच्या लाउंजच्या स्मोकिंग रूममध्येही ड्रिंक सर्व्ह करायला लावतात. नाही म्हटलं तर "टिप तिथेच मिळते" असं ऐकवतात. काय करावं?
— एक स्टुअर्ड, लोअर परळ

स्मोकिंग रूममध्ये दुसरी कुठलीही सेवा द्यायची नाही, हे 2017 पासून नियमातच आहे. आमच्या मते पूर्ण नियमावलीत कामगाराला वाचवणारं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. खोलीच्या भिंती बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाचवतात. ट्रे घेऊन आत जाणाऱ्याला त्या वाचवत नाहीत, उलट त्याच्यासाठी धूर दाट करून ठेवतात.

मॅनेजरशी बोलताना छातीचा विषय आधी काढू नका, नियमाचा काढा: "सर, आत सर्व्हिस दिली तर ती स्मोकिंग रूम राहतच नाही, पूर्ण जागाच नियमाबाहेर जाते." सोबत पर्याय द्या. गिऱ्हाइकाचा ग्लास त्याच्या टेबलावरच ठेवायचा, परत आल्यावर बर्फ बदलून द्यायचा. बहुतेक जण खुशीने ऐकतात.

दारातल्या पाटीकडेही पाहा. ती कमीत कमी 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरची असायला हवी आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव त्यावर लिहिलेलं असायला हवं. बऱ्याच ठिकाणी तिथे कोरी रेघ असते, नाहीतर सोडून गेलेल्या मॅनेजरचं नाव. त्या माणसाकडे तक्रार लेखी द्या, दोघा-चौघांच्या सहीने. कागद नको वाटला तर व्हॉट्सॲपवर तारीख, वेळ आणि टेबल नंबर लिहून पाठवा. तक्रार करूनही त्याने काही केलं नाही, तर जितके लोक ओढत होते तितक्यांचा दंड त्याच्याकडून घेता येतो. ओढणाऱ्याला दंड 200 रुपयांपर्यंत, म्हणजे नऊ जण असतील तर जास्तीत जास्त 1,800. बऱ्या लाउंजमध्ये तेवढ्यात दोन-तीन पेगच येतात हे आम्हालाही ठाऊक आहे. पण पावती कंपनीच्या नावावर फाटली की मॅनेजरला वर उत्तर द्यावं लागतं, आणि ते त्याला दंडापेक्षा जड जातं. ही पावती सब-इन्स्पेक्टर आणि त्यावरचे पोलीस अधिकारी फाडू शकतात.

हॉलमध्ये कुणी सिगारेट पेटवली तर सांगायला वेटरने जायचं नाही, कॅप्टनने किंवा मॅनेजरने जायचं. वाक्य ठरवून ठेवा: "साहेब, बाहेर ओढून या, टेबल तुमचंच आहे." ॲशट्रे, काडेपेटी, लायटर देणं नियमानेच बंद आहे. क्वार्टर प्लेटमध्ये पाणी घालून पुढे करणं म्हणजेही ॲशट्रेच. पहिल्या सिगारेटला प्लेट दिली की दुसरीला नाही म्हणता येत नाही.

प्रश्न : आमच्या हॉटेलात एक मजला स्मोकिंग रूमचा आहे. चेकआउटनंतर मुलींना वीस मिनिटांत खोली तयार करायला सांगतात. आत शिरलं की डोळे चुरचुरतात. काय काळजी घ्यावी?
— हाउसकीपिंग सुपरवायझर, अंधेरी पूर्व

आधी हवा, मग झाडू. क्रम उलटला की त्रास होतो. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करा, खिडकी उघडत असेल तर उघडा, दार बंद करून निघून जा आणि दुसऱ्या खोल्या करून या. किती वेळ थांबायचं ते हवा किती बदलते त्यावर ठरतं. तासाला 12 वेळा बदलत असेल तर 99 टक्के धूर जायला 23 मिनिटं, 6 वेळा असेल तर 46 मिनिटं आणि 2 वेळा असेल तर 138 मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. सील केलेल्या खिडकीच्या खोलीत शेवटचा आकडाच जवळचा असतो. म्हणून फ्रंट ऑफिसशी बोलून स्मोकिंग मजल्यावरच्या खोल्या दिवसाच्या शेवटी विकायला लावा.

मग चादरी. झटकायच्या नाहीत. कडेने आत गुंडाळत जायचं आणि सरळ लिननच्या पिशवीत टाकायच्या. धुराचा चिकटा पडद्यांत, गादीत, भिंतीच्या रंगात बसतो आणि पुढे कित्येक आठवडे हळूहळू सुटत राहतो. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं, म्हणून हातमोजे घाला. धूळ ओल्या फडक्याने पुसा. ॲशट्रे ओली करून, झाकून न्या. एसीची जाळी या मजल्यावर दुप्पट वेळा धुवा.

एअर फ्रेशनर मारून वास झाकला जातो, धूर तसाच राहतो. मास्कचं म्हणाल तर कापडी आणि सर्जिकल मास्कचा उपयोग नाही. एन 95 कण अडवतो, वायू अडवत नाही. काही ठिकाणी वास मारायला ओझोनचं मशीन लावतात. ते चालू असताना आणि बंद केल्यावर खोली पुरती मोकळी होईपर्यंत कुणालाही आत पाठवू नका, ओझोन स्वतःच फुप्फुसाला इजा करतो.

ड्युटी लावताना एकाच मुलीला रोज तो मजला देऊ नका. गरोदर असेल तिला तर अजिबातच नको, या धुराने बाळाचं वजन कमी भरतं. नियमाप्रमाणे स्मोकिंगच्या खोल्या एकाच मजल्यावर किंवा विंगमध्ये एकत्र हव्यात आणि त्यांचा धूर लॉबी-पॅसेजमध्ये येता कामा नये. पॅसेजमध्ये वास येतो असं रजिस्टरमध्ये तारखेनिशी लिहीत जा. इंजिनीअरिंगवाले तोंडी सांगितलेलं विसरतात.

प्रश्न : माझे मिस्टर बारा वर्षं परमिट रूममध्ये वेटर आहेत. स्वतः कधी सिगारेटला हात लावला नाही, पण तीन आठवडे खोकला जात नाही. डॉक्टरांनी सिरप दिलं.
— एक वाचक, डोंबिवली

सिरपवर थांबू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करायचीच, महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. सिगारेटच्या धुरात राहणाऱ्याला टीबीचा धोका जास्त असतो, आणि बंद एसी खोलीत टीबी पसरायलाही सोयीचं जातं.

डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" मिस्टर म्हणतात, "नाही." विषय संपतो. तुम्ही पुढचं वाक्य जोडा: "पण रोज दहा तास सिगारेटच्या धुरात काम करतात, बारा वर्षं झाली." हे केसपेपरवर लिहून घ्या. टीबी नसेल तर स्पायरोमेट्री करायला सांगा: नळीत जोरात फुंकायचं, फुप्फुसातली हवा किती आणि किती वेगाने बाहेर येते ते कळतं. शक्य असेल तर एकदा पाळीनंतर आणि एकदा सुट्टीवरून परत येऊन करा. गावी आठ दिवसांत खोकला कमी आणि कामावर चौथ्या दिवशी पुन्हा सुरू, असं होत असेल तर ती नोंदच फार बोलकी असते. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल तर या तपासण्या त्यांच्या दवाखान्यातून होतील, कार्ड तेवढं सोबत न्या.

छातीत दुखणं, डावा हात जड होणं, जिना चढताना दम लागणं याला खोकल्याच्या रांगेत उभं करू नका, त्याच दिवशी दाखवा. या धुराने हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो. लोक फुप्फुसाचा विचार करतात, हृदय विसरतात.

घरी आल्यावर शर्ट बाहेरच्या खोलीत काढून वेगळ्या बादलीत टाका. लहान मूल असेल तर अंघोळ झाल्यावर उचलायला सांगा.

प्रश्न : आमच्याकडे "हर्बल" हुक्का आहे, तंबाखू नाही. मग धोका काय?
— कोळसा लावणारा मुलगा, जागा लिहिलेली नाही

तुझं काम कोळशाशी आहे आणि कोळसा हर्बल नसतो. तो जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. सगळ्यात जास्त तो तुलाच मिळतो, कारण कोळसा तू लहानशा बंद खोलीत शेगडीवर पेटवतोस.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात जोर नसणं अशी लक्षणं असतात आणि सगळे "ॲसिडिटी झाली" म्हणतात. एकाच वेळी दोघा-तिघांना तसं होत असेल तर ती ॲसिडिटी नव्हे. लगेच मोकळ्या हवेत या, 108 ला फोन करा, डॉक्टरांना "कोळशाचा धूर" हे शब्द सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, हा वायू रक्तात असला तरी ते यंत्र 98 दाखवू शकतं. कोळसा पेटवायचाच असेल तर उघड्यावर, नाहीतर बाहेर हवा टाकणाऱ्या हूडखाली.

महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर 2018 पासून बंदी आहे. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली होती, आणि अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांवर बोट ठेवलं गेलं होतं. दुसरी नोकरी शोधता आली तर शोध.

प्रश्न : आमचा टेरेस उघडा आहे. तिथे तरी चालेल ना? आणि आमचाच तंदूरवाला मागच्या दाराशी ओढतो, त्याचं काय?
— रेस्टॉरंट मॅनेजर, वांद्रे

टेबलं मांडून सर्व्हिस देता तो टेरेस रेस्टॉरंटच आहे, वर आभाळ असलं म्हणून सुटत नाही. पावसाळ्यात ताडपत्री बांधून तीन बाजू बंद केल्यात तर तो हॉलच झाला. ऑर्डर घ्यायला वाकलेला वेटर सिगारेटपासून दोन फुटांवर असतो, तेवढ्या अंतरावर मोकळ्या हवेचाही फार उपयोग होत नाही.

तंदूरवाल्याला हाकलू नका, जागा बदलून द्या. मागच्या दाराशी ओढलेली सिगारेट किचनचा हूड आत खेचतो, कारण हूडला हवा त्याच दारातून मिळते. मग मोरीवर भांडी घासणाऱ्या पोराला सगळा धूर मिळतो. दारापासून, खिडक्यांपासून आणि एसीच्या ताज्या हवेच्या जाळीपासून वीस-पंचवीस फूट लांब कोपरा ठरवा, वाळूची बादली ठेवा. सिगारेट सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर किचनच्या पाटीवर लिहून ठेवा, ड्युटी चार्टच्या शेजारी. फोन करायला पाळीतली दहा मिनिटं द्या, एरवी तो तेवढ्यात सिगारेटच ओढून येतो.